पाऱ्याला नेमकं कशासाठी घाबरायचं?

२०२३ च्या जानेवारीत अकोल्याची एक बातमी गाजली. एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या पाठोपाठ बिघडल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात खोदून विचारपूस झाली, तेव्हा तिघी एकच गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं कळलं. क्रीम तपासायला दिली तर तिच्यात पारा निघाला. २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी किडनीच्या २२ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या १५ जणांत एरवी क्वचित दिसणारा एका विशिष्ट प्रकारचा बिघाड होता, आणि त्या १५ पैकी १३ जण अशा क्रीम वापरत होते.

पाऱ्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं भेटतात. काही म्हणतात, "लहानपणी फुटक्या थर्मामीटरचा पारा तळहातावर घेऊन खेळलो, काय झालं?" काही जण थर्मामीटर फुटल्याबरोबर घर सोडून पळायच्या बेतात असतात. दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पारा किती घातक, हे तो कोणत्या रूपात आहे आणि शरीरात कोणत्या वाटेनं शिरतो यावर ठरतं. एवढं एक सूत्र धरून ठेवलं, तर क्रीम, मासे, दातातली चांदी आणि नैनितालजवळची एक अजब दुर्बीण या सगळ्यांचा उलगडा होतो.

धातू असून पातळ कसा?

आवर्त सारणीत पारा सोन्याला खेटून बसतो. सोन्याचा क्रमांक ७९, पाऱ्याचा ८०. सोनं वितळायला १,०६४ अंश सेल्सिअस लागतात, पारा मात्र उणे ३९ लाच वितळून मोकळा होतो. भारतात सियाचीनसारख्या जागा सोडल्या तर तो कुठे गोठायचा नाही. अणुकेंद्रात एका प्रोटॉनचा फरक आणि स्वभावात एवढं अंतर कसं?

धातू घट्ट असतात, कारण त्यांचे अणू आपले सगळ्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. पाऱ्याच्या केंद्रातले ८० प्रोटॉन आतल्या इलेक्ट्रॉनांना इतक्या जोरानं खेचतात की त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून पुढे जातो. एवढ्या वेगाला आइनस्टाइनची सापेक्षता लागू होते. इलेक्ट्रॉन जड झाल्यासारखे वागतात, त्यांच्या कक्षा आक्रसतात, आणि बाहेरची इलेक्ट्रॉनांची जोडीही आत ओढली जाते. सोन्याकडे त्या जागी एकच इलेक्ट्रॉन असतो, त्याला जोडीदार हवा असतो. पाऱ्याची जोडी पूर्ण असल्यानं तो शेजाऱ्यांशी फारसं देणंघेणं ठेवत नाही. २०१३ साली शास्त्रज्ञांच्या एका गटानं संगणकावर हिशेब मांडून दाखवलं, की सापेक्षतेचा परिणाम वजा केला तर पारा सुमारे १०५ अंश अधिक तापमानाला वितळला असता. म्हणजे आपल्या घरात तो घट्ट गोळाच राहिला असता.

अणू एकमेकांना सैल धरून असतात म्हणून पारा पातळ आहे. आणि त्याच सैलपणामुळे ते एकेक करून सुटतात आणि हवेत जातात. पाऱ्याचे उपयोग आणि त्याचा धोका, दोन्ही इथूनच सुरू होतात.

उपयोगांची यादी लांब आहे. एक लिटर पारा साडेतेरा किलो भरतो, लोखंडी नट त्यावर आरामात तरंगतो. हवेचा दाब मोजायला पाणी वापरलं तर दहा मीटरहून उंच नळी लागेल. टॉरिचेलीनं १६४३ च्या सुमारास पारा वापरला आणि काम ७६ सेंटिमीटरमध्ये भागलं. पारा काचेला चिकटत नाही आणि तापल्यावर बऱ्यापैकी एकसारखा प्रसरण पावतो, म्हणून १७१४ मध्ये फॅरनहाइटनं त्याचा तापमापक केला. डॉक्टर "बीपी १२० बाय ८०" म्हणतात ते आकडे आजही पाऱ्याच्या स्तंभाचे मिलिमीटरच असतात, यंत्र बॅटरीवर चालणारं का असेना. १९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञानं पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. अतिसंवाहकतेचा शोध तो हा. पारा निवडण्याचं कारण साधं होतं: वारंवार ऊर्ध्वपातन करून तो अतिशय शुद्ध करता येतो.

तीन रूपं, तीन वाटा

पहिलं रूप म्हणजे मूळ धातू, तो चकाकणारा थेंब. हा गिळला गेला तर आतड्यातून दहा हजारांत एक भागही रक्तात उतरत नाही. बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो. कातडीतूनही फार कमी जातो. म्हणून तळहातावर खेळवणारे बहुतेक जण बचावले. पण त्याच थेंबाची वाफ श्वासातून गेली तर तिचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो आणि थेट मेंदूपर्यंत पोचतो. वाफेला रंग नाही, वास नाही. वीस अंश तापमानाच्या बंद खोलीत पारा उघडा पडून राहिला, तर एक घनमीटर हवेत तेरा मिलिग्रॅमच्या आसपास पारा मावू शकतो. कामाच्या ठिकाणी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. प्रत्यक्षात खोली इतकी भरत नाही, पण पाचशे पटींचं अंतर पाहिलं की काळजी कशाची करायची ते कळतं. हात थरथरणं, झोप उडणं, विनाकारण चिडणं, लोकांसमोर बुजणं ही या वाफेची लक्षणं. अमेरिकेतल्या डॅनबरी गावात फेल्टच्या टोप्या बनवणाऱ्या कामगारांत ही थरथर इतकी सर्रास होती की तिला गावाचंच नाव पडलं.

दुसरं रूप पाऱ्याच्या क्षारांचं, म्हणजे क्लोरिनसारख्या मूलद्रव्यांशी संयोग होऊन झालेल्या पुडी-भुकटीचं. त्यांचा मारा मुख्यतः किडनीवर होतो. क्रीममध्ये असतात ते हेच.

तिसरं रूप सेंद्रिय पाऱ्याचं. इथे पाऱ्याला कार्बनचा गट जोडलेला असतो. मिथाइल मर्क्युरी हे त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध. खाल्ल्यावर ते जवळजवळ सगळंच्या सगळं रक्तात शिरतं, मेंदूभोवतीचा अडसर ओलांडतं आणि वारेतून गर्भापर्यंतही जातं.

याच कुळातलं डायमिथाइल मर्क्युरी किती भयंकर आहे, ते कॅरेन वेटरहान यांच्या मृत्यूनं जगाला कळलं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात त्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या आणि विषारी धातूंवरच संशोधन करत होत्या. १४ ऑगस्ट १९९६ ला काम करताना त्याचे दोन-चार थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. मोजे लॅटेक्सचे होते, वाफ खेचून घेणारी सोयही चालू होती. तेव्हाच्या नियमांप्रमाणे सगळं बरोबर होतं. काही महिने काहीच जाणवलं नाही. मग तोल जाऊ लागला, बोलणं अडखळू लागलं, आणि जून १९९७ मध्ये त्या गेल्या. नंतरच्या तपासात कळलं की हा द्रव लॅटेक्समधून काही सेकंदांतच पार होतो. एका बाजूला पाऱ्याचा चमचाभर गोळा गिळून सुखरूप राहिलेले लोक, दुसऱ्या बाजूला दोन-चार थेंबांनी गेलेली एक जाणकार शास्त्रज्ञ. धातू तोच, रूप वेगळं.

थर्मामीटर फुटला तर

घरच्या थर्मामीटरमध्ये साधारण एक ग्रॅम पारा असतो. घर सोडून पळायची गरज नाही, पण तो सांडलेला पारा तसाच सोडूनही चालणार नाही.

मुलांना आणि मांजर-कुत्र्याला खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, आतलीच हवा फिरवणारा एसी बंद करा. बोटातली सोन्याची अंगठी काढून ठेवा; पारा सोन्यात मुरतो आणि सोनं पांढरं पडतं. मग जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकमेकांकडे ढकला, एकत्र आले की ड्रॉपरनं उचला. टॉर्च जमिनीलगत तिरका धरला की फटीत लपलेले मणी चमकतात. बारीक मणी चिकटपट्टीनं टिपा. हे सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत. झाडू अजिबात नको, कारण तो एका थेंबाचे शंभर करतो. व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, तो पारा गरम करून वाफ घरभर फवारतो. बेसिनमध्येही ओतू नका, तो पाइपाच्या वाकणात बसून राहतो.

मुलानं चावून थर्मामीटर फोडला असेल, तर पाऱ्यापेक्षा काचेची चिंता आधी करावी आणि डॉक्टरांना दाखवावं. बीपीच्या जुन्या, उभ्या पेटीच्या यंत्रात मात्र थर्मामीटरच्या ऐंशी-शंभर पट पारा असतो. ते फुटलं तर घरगुती उपायांच्या भरीस पडू नये, खोली बंद करून जाणकार माणूस बोलवावा.

एकदा फुटलेला थर्मामीटर आणि रोज थर्मामीटर बनवणं यात किती फरक आहे, ते कोडाईकनालला दिसलं. तिथे हिंदुस्तान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता, अमेरिकेतून उचलून आणलेला. पारा लागलेल्या काचेचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला आणि मार्च २००१ मध्ये कारखाना बंद पडला. वर्षानुवर्षं त्या हवेत काम केलेल्या कामगारांचा लढा पुढे पंधरा वर्षं चालला. २०१६ मध्ये कंपनीनं ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. भंगाराचा माल काच म्हणून विकला गेला होता, आणि घेणाऱ्याला ती नुसती काच नाही हे सांगण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. मला या प्रकरणातली सगळ्यात संतापजनक गोष्ट ही वाटते.

मिनामाताची मांजरं

जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचं कोळ्यांचं गाव. पन्नासच्या दशकात तिथली मांजरं वेड्यासारखी गोल फिरू लागली, समुद्रात पडून मरू लागली. मग माणसांचे हातपाय आखडू लागले. चिस्सो या रासायनिक कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ ला अज्ञात मेंदूविकाराची खबर सरकारी कचेरीला दिली. आज तोच या आजाराच्या शोधाचा दिवस मानतात.

चिस्सोच्या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवताना पाऱ्याचा क्षार वापरला जाई. त्यातूनच थोडं मिथाइल मर्क्युरी तयार होई आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. होसोकावांनी १९५९ मध्ये कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं खाणं एका मांजराला घातलं, त्यालाही तोच आजार झाला. कंपनीनं हा निष्कर्ष दाबला. सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिलं. अधिकृत नोंद झालेले रुग्ण दोन हजारांहून जास्त आहेत. त्यांत अशी मुलंही होती ज्यांच्या आया वरवर धडधाकट होत्या. पोटातल्या बाळानं आईच्या वाट्याचा पारा शोषून घेतला होता.

कारखान्यातून मिथाइल मर्क्युरी थेट सोडलं नाही तरी ते तयार होतंच. कोळसा जळतो तेव्हा त्यातला पारा धुराड्यातून हवेत जातो, पावसाबरोबर पाण्यात उतरतो, आणि तळच्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. शेवाळ, शेवाळ खाणारे जीव, त्यांना खाणारे लहान मासे, त्यांना खाणारे मोठे, अशा प्रत्येक पायरीवर त्याचं प्रमाण वाढत जातं. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा मात्र कोळशाचा नाही. तो छोट्या सोन्याच्या खाणींचा आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, घानात, इंडोनेशियात लोक सोन्याची माती पाऱ्यात कालवतात आणि तो गोळा उघड्या आगीवर तापवून पारा उडवून देतात.

मग मासे सोडायचे का?

नाही. निवड करायची. मोरीसारखे मोठे शिकारी मासे बरीच वर्षं जगतात आणि दुसऱ्या माशांवर पोसतात, म्हणून त्यांच्यात पारा जास्त साठतो. बांगडा, तारली, मांदेली हे लहान मासे अन्नसाखळीत खाली असतात, त्यांच्यात तो कमी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी मोरी, तलवार मासा, मोठा कुपा टाळावा. बांगडा खुशाल खावा, त्यातलं मेद बाळाच्या मेंदूला हवंच असतं.

आपल्या किनाऱ्याशी या विषयाचा संबंध नाही असं मात्र समजू नका. कॉस्टिक सोडा बनवणारे जुन्या पद्धतीचे कारखाने विद्युतविघटनासाठी पाऱ्याचा थर वापरत. कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यातून उल्हास नदीत आणि तिच्या खाडीत असा पारा गेला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या गाळाच्या थरांत तो मोजला आहे. पुढे या उद्योगानं पारा सोडून पडदा वापरणारी पद्धत घेतली. गाळातला पारा मात्र गाळातच आहे.

क्रीममध्ये पारा घालतात तरी का?

कारण तो काम करतो. त्वचेला काळसर रंग देणारं मेलॅनिन तयार व्हायला एक विकर लागतं, पाऱ्याचे क्षार ते बंद पाडतात. आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण क्रीम रोज लावली की क्षार कातडीतून झिरपत राहतात आणि किडनीत जमतात. तिथे शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा किडनीच्या गाळणीवर उलटते आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. पायावर सूज आणि फेसाळ लघवी ही पहिली खूण. बरी बाजू अशी की क्रीम थांबवल्यावर अनेक रुग्ण सुधारतात, म्हणून डॉक्टरांना क्रीमबद्दल न लाजता सांगायला हवं.

भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत दहा लाखांत ७० भाग आणि बाकीच्यांत नकळत आलेला एक भाग, यापलीकडे पारा चालत नाही. पकडल्या गेलेल्या क्रीममध्ये तो हजारांच्या घरात असतो. डबीवर निर्मात्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही किंवा यादीत 'कॅलोमेल' किंवा 'मर्क्युरस क्लोराइड' लिहिलंय, तर ती डबी ब्युटी पार्लरच्या ताईंनी कितीही प्रेमानं दिली तरी घेऊ नये.

एवढं सगळं माहीत असून शास्त्रज्ञ पारा का सोडत नाहीत?

याचं उत्तर बघायचं तर उत्तराखंडात देवस्थळला जावं. नैनितालच्या एरीज या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारात, २,४५० मीटर उंचीवर, २०२२ मध्ये एका दुर्बिणीनं पहिल्यांदा आकाश टिपलं. भारत, बेल्जियम आणि कॅनडा यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. तिचा आरसा चार मीटर रुंद आहे आणि तो पाऱ्याचा आहे.

चहात साखर ढवळताना चहा मधे खोल जातो आणि कडेला चढतो, तो आकार आठवा. भांडं एकसारख्या वेगानं फिरवलं तर पृष्ठभाग बरोबर अन्वस्त होतो, म्हणजे प्रकाश एका बिंदूवर गोळा करायला आरशाला जो वक्र लागतो तोच. काचेचा आरसा असा घासायला महिनोन्‌महिने जातात आणि पैसाही बक्कळ. इथे पसरट परातीत सुमारे ५० लिटर, म्हणजे ७०० किलोच्या आसपास पारा असतो, त्याचा थर जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा. परात हवेच्या उशीवर तरंगते आणि आठ सेकंदांना एक फेरी घेते. वेग याहून कमी-जास्त झाला तर प्रतिमा जुळण्याची जागाच बदलते, कारण वक्राची खोली वेगावर ठरते.

या दुर्बिणीला मान वळवता येत नाही; परात तिरपी केली की पारा सांडणार. म्हणून ती फक्त डोक्यावरचं आकाश बघते आणि पृथ्वी फिरेल तशी आकाशाची एक पट्टी तिच्यासमोरून सरकते. रोज रात्री तीच पट्टी टिपायची आणि कालच्या प्रतिमेतून आजची वजा करायची. एखादा तारा फुटला असेल किंवा लघुग्रह सरकला असेल, तर तेवढंच उरतं. मर्यादेचाच असा उपयोग करून घेणारी यंत्रं फार थोडी.

वाफेचं काय? आरशावर पातळ पारदर्शक पडदा ताणलेला असतो, आणि पाऱ्यावर हळूहळू ऑक्साइडची झिरझिरीत साय धरते, तीही वाफ रोखते. तिथे येणारी माणसं प्रशिक्षित असतात. प्रयोगशाळेतला पारा आणि क्रीममधला पारा यातला फरक इथे आहे: कुठे किती आहे आणि त्याची वाट कशी अडवली आहे, हे कुणाला तरी माहीत असतं.

अमेरिकेतल्या ओक रिज इथे न्यूट्रॉन मिळवण्यासाठी पाऱ्यावर सेकंदाला ६० वेळा प्रोटॉनांचा मारा करतात. घन धातू अशा माऱ्यानं तडकला असता. वाहता पारा उष्णता घेऊन पुढे जातो. सगळेच उपयोग इतके समर्थनीय नव्हते. उपग्रह ढकलायला पाऱ्याचा फवारा वापरायची कल्पना साठच्या दशकात नासानं आजमावली होती. अलीकडे काही कंपन्यांनी ती पुन्हा उकरली, तेव्हा पाऱ्यावर निर्बंध घालणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराच्या देशांनी २०२२ मध्ये तिला बंदी घालायचं ठरवलं. फवारलेला पारा शेवटी खालीच येणार होता.

पाऱ्याऐवजी दुसरा पातळ धातू चालेल?

बऱ्याच ठिकाणी चालतो, पण प्रत्येकाची खोड वेगळी.

गॅलियम ३० अंशांना वितळतो, म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात टेबलावर ठेवला तरी पातळ होईल. त्यात इंडियम आणि कथील मिसळलं की तो शून्याखालीही पातळ राहतो. नव्या काचेच्या थर्मामीटरमधला चकाकता द्रव हाच असतो. त्याची वाफ जवळजवळ होत नाही आणि विषारीपणाही फार कमी. पण ॲल्युमिनियमवर पडला तर त्याच्या कणाकणांमधल्या फटींत शिरतो आणि भक्कम पत्रा बिस्किटासारखा मोडतो. पाराही ॲल्युमिनियमला पोखरतोच, म्हणून विमानात हे दोन्ही सहजासहजी नेऊ देत नाहीत.

सोडियमचा प्रकार निराळा. तो ९८ अंशांना वितळतो आणि ८८३ पर्यंत उकळत नाही, म्हणून दाब न वाढवता प्रचंड उष्णता वाहून नेतो. वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या द्रुतगती अणुभट्टीत पाणी चालत नाही, कारण ते न्यूट्रॉनांचा वेग कमी करतं. चेन्नईजवळ कल्पक्कमला १९८५ पासून चाललेली चाचणी भट्टी आणि तिच्या शेजारची ५०० मेगावॉटची नवी भट्टी, दोन्हींत वितळलेला सोडियम फिरतो. त्याला विष म्हणून कुणी भीत नाही, भीती आगीची. हवेत तो पेटतो, पाण्याला भिडला की हायड्रोजन सोडतो. म्हणून किरणोत्सारी सोडियम आणि पाणी यांच्या मधे सोडियमचाच आणखी एक फेरा ठेवतात. जपानच्या मोंजू भट्टीत डिसेंबर १९९५ मध्ये याच मधल्या फेऱ्यातून शेकडो किलो सोडियम गळून पेटला. कारण काय, तर तापमान मोजणाऱ्या उपकरणाची नळी कंपनांनी तुटली होती. किरणोत्सार बाहेर पडला नाही, पण चालकांनी चित्रफीत लपवली आणि लोकांचा विश्वास गेला तो कायमचा.

वितळलेलं कथील मात्र फार गुणी. खिडकीची सपाट काच कथलाच्या तळ्यावर तरंगवून बनवतात. नव्या मोबाइलमधल्या सगळ्यात बारीक चिप कोरायला लागणारा अतिनील प्रकाशही, सेकंदाला ५०,००० कथलाचे थेंब लेझरनं उडवून मिळवतात.

"आयुर्वेदात तर पारा शेकडो वर्षं आहे"

आहे, आणि रसशास्त्र, म्हणजे आयुर्वेदातली धातू-खनिजांच्या औषधांची शाखा, पाऱ्याला निरुपद्रवी मानत नाही. पारदाच्या दोषांत 'विष' हा दोष नावानं सांगितला आहे आणि त्याच्यावर संस्कारांची लांबलचक मालिका करायला लावली आहे. कज्जलीत, म्हणजे पारा आणि गंधक खलून केलेल्या भुकटीत, पारा गंधकाशी बांधलेला असतो, तो सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून क्रीममधल्या क्लोराइडशी त्याची बरोबरी करणं चूक. पण बाटलीत ग्रंथातली कृतीच उतरली आहे याची खात्री कोण देणार? २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा सुमारे पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. रसौषधं आपल्या मनानं, महिनोन्‌महिने, किडनीची तपासणी न करता घेऊ नयेत. आणि पारद शिवलिंगाबद्दल: शुद्ध पारा खोलीच्या तापमानाला घट्ट राहूच शकत नाही, म्हणजे त्यात दुसरा धातू असणारच. पूजा करा, त्यावरचं दूध-पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका.

"दातात चांदी भरली आहे आणि लशीतही पारा असतो म्हणे"

दातातल्या 'चांदी'चा निम्मा भाग पारा असतो, पण चांदी, कथील आणि तांब्यानं घट्ट बांधलेला. त्यातून निघणारी वाफ नगण्य. धडधाकट भरण मुद्दाम उपटायला गेलात तर उलट जास्त वाफ होते. दवाखान्यांतून गटारात जाणाऱ्या पाऱ्यासाठी म्हणून ही भरणं बंद होत आहेत. मिनामाता कराराच्या नोव्हेंबर २०२५ च्या बैठकीत त्यासाठी २०३४ ही मुदत ठरली. भारतानं या करारावर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे.

काही लशींच्या अनेक डोस असलेल्या बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून किंचित इथाइल मर्क्युरी असतं. ते मिथाइलचं भावंड असलं तरी शरीरातून पुष्कळ लवकर निघून जातं, साठत नाही. पाऱ्यावर इतके कडक निर्बंध घालणाऱ्या करारानंही लशींना मोकळीक दिली आहे.

घरातल्या जुन्या वस्तूंचं काय?

बहुतेक घरांत एखादा काचेचा थर्मामीटर, दोन-चार बंद पडलेले सीएफएल दिवे, एखादी ट्यूबलाइट असते. सीएफएलमध्ये जेमतेम तीन ते पाच मिलिग्रॅम पारा असतो. फुटला तर खिडकी उघडून पंधरा मिनिटं बाहेर थांबावं आणि मग ओल्या कागदानं टिपावं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी फुटके थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट यांना नावानिशी घरगुती घातक कचऱ्यात टाकलं आणि दर २० चौरस किलोमीटरमागे असा कचरा स्वीकारणारं एक केंद्र काढायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर दिली. कागदावरचं हे केंद्र आपल्या वॉर्डात प्रत्यक्ष कुठे आहे, ते पालिकेच्या घनकचरा विभागाला विचारा, लेखी विचारलंत तर उत्तम. तोवर थर्मामीटर झाकणबंद बाटलीत ठेवा आणि बाटलीवर चिठ्ठी लावा, म्हणजे आवराआवरीत ती भंगारात जायची नाही.